छापलेला भाग विमानात बसण्याआधी



आपल्या बेळगावात ओतकाम म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. काका, मामा, निदान शेजारचे कोणीतरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला नाही, असे घर आपल्या शाळेत शोधावेच लागेल. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, थंड झाला की साचा फोडायचा, कास्टिंग साफ करायचे आणि मग लेथवर चढवायचे, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. त्यात २००९ पासून हत्तरगीची भर पडली. महामार्गावर कोल्हापूरच्या दिशेने जाताना लागणाऱ्या या गावाजवळ विमानांचे सुटे भाग बनवणारे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि एअरबस, बोइंग ही नावे आपल्या बोलण्यात आली.

या अंकात आम्ही जो विषय घेतला आहे तो नववीच्या वर्गातून आलेल्या एका प्रश्नामुळे. प्रश्न असा: "आपल्या टिंकरिंग लॅबमधल्या यंत्रावर दोन तासांत गाडीचे चाक छापून होते. विमानाचे भागही आता असेच छापतात म्हणे. मग एक भाग छापून विमानात बसवायला कंपन्यांना वर्षानुवर्षे का लागतात?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर छपाईत नसून छपाईनंतरच्या दाखल्यात आहे.

आधी छपाई कशी होते ते पाहू. शाळेतले यंत्र प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवते. धातूच्या यंत्रात तारेऐवजी बहुधा पावडर असते. तिचा एकेक कण १५ ते ४५ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा बारीक. लोखंडी पाटावर या पावडरचा ३०-४० मायक्रॉन जाडीचा थर पसरतात. वरून लेसरचा किरण जिथे भाग हवा तेवढ्याच जागेवरून फिरतो आणि पावडर वितळून चिकटते. पाट थोडा खाली जातो, नवा थर पसरतो, किरण पुन्हा फिरतो. दहा सेंटीमीटर उंचीच्या भागासाठी, थर ४० मायक्रॉनचा धरला तर, हे २५०० वेळा करावे लागते. हवेतल्या ऑक्सिजनने धातू बिघडू नये म्हणून सगळे काम आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत चालते.

आता एक हिशेब करू, म्हणजे विषयाचे मर्म लक्षात येईल. लेसरची प्रत्येक फेरी म्हणजे वेल्डिंगची एक अतिशय बारीक शिवण. दोन शिवणींमधले अंतर ०.१ मिलिमीटर आणि थर ०.०४ मिलिमीटर धरा. एक घन सेंटीमीटर म्हणजे १००० घन मिलिमीटर. त्याला ०.१ × ०.०४, म्हणजे ०.००४ ने भागा. उत्तर येते २,५०,००० मिलिमीटर, म्हणजे २५० मीटर. बोटाच्या पेराएवढ्या धातूत पाव किलोमीटर वेल्डिंग! चाळीस घन सेंटीमीटरचा, मुठीत मावेल असा भाग घेतला तर शिवण होते १० किलोमीटर. आपल्या शहरातून सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत. वेल्डिंगचे काम पाहिलेल्या कोणत्याही पालकाला विचारा, दहा किलोमीटर शिवणीत एकही खोट नाही अशी हमी ते देतील का?

खोट कशी असते? किरणाची ताकद कमी पडली किंवा तो फार वेगाने गेला तर पावडर पूर्ण वितळत नाही आणि दोन थरांमध्ये चपटी फट राहते. ताकद जास्त झाली तर धातू उकळून खोल खड्डा पडतो आणि त्याच्या तळाशी वायूचा बुडबुडा अडकतो. आपल्या फाउंड्रीतल्या ब्लोहोलचाच हा धाकटा भाऊ. वितळताना उडालेला शिंतोडा भलत्या ठिकाणी पडला तर तिथला थर बिघडतो. पेटीत आर्गॉन एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहत असतो. त्यामुळे एकाच पाटावर छापलेल्या दोन सारख्या भागांपैकी वाऱ्याच्या खालच्या बाजूचा भाग थोडा वेगळा निघू शकतो. उभा छापलेला आणि आडवा छापलेला तुकडा ताकदीला सारखा असेलच असे नाही. या सगळ्या खोटींतली चपटी फट आम्हाला सर्वांत वाईट वाटते, कारण तिच्या धारदार टोकापासून तडा सुरू होतो आणि क्ष-किरणातही ती सहज सापडत नाही.

इथे ओतकाम आणि यंत्रकाम यांपासूनचा मोठा फरक समजून घ्या. हत्तरगीला टायटॅनियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा येतो तेव्हा त्याच्याबरोबर गिरणीचा दाखला येतो. हीट नंबर, रासायनिक घटक, ताणल्यावर किती भाराला तुटला, सगळे त्यात असते. त्या ठोकळ्यातून कोरून जो भाग निघतो त्याचा धातू आतून तोच असतो. छापलेल्या भागाचे तसे नाही. पावडरचा दाखला मिळतो, पण तो पावडरचा. भागाचा धातू यंत्रात, छपाईच्या क्षणी जन्माला येतो. आकार आणि धातू एकाच वेळी तयार होतात. म्हणून दाखला मागायचा तर तो आख्ख्या प्रक्रियेचाच मागावा लागतो.

दाखला नसला तर

२०२५ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर विमानतळावर उतरताना एका छोट्या विमानाचे इंजिन ऐनवेळी ढेपाळले आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटले. वैमानिक थोडक्यात बचावला. विमान कोझी मार्क फोर जातीचे, म्हणजे हौशी लोक नकाशावरून स्वतः बांधतात त्यातले. ब्रिटिश अपघात तपास विभागाला असे आढळले की इंजिनाला हवा पुरवणारे प्लास्टिकचे एक वाकडे नळकांडे उष्णतेने मऊ होऊन आत दबले होते. ते थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेले आणि अमेरिकेतल्या एका विमान प्रदर्शनात विकत घेतलेले होते. मालकाची समजूत अशी होती की हे प्लास्टिक १०५ अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडत नाही. तपासात नमुने तापवले तेव्हा ते ५३-५४ अंशांनाच मऊ पडू लागले. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचे बॉनेट याहून गरम होते.

लक्षात घ्या, नळकांडे दिसायला अगदी नेमके होते, मापाला बसत होते आणि काही काळ चाललेही. विक्रेत्याचा शब्द आणि तपासलेला आकडा यांतले अंतर पन्नास अंशांचे निघाले, एवढेच. प्रमाणपत्र ही सरकारी कटकट आहे असे म्हणणारे आपल्याकडेही बरेच असतात. त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

दुसरे उदाहरण छपाईचे नाही, पण त्याशिवाय विमानक्षेत्रातली माणसे धातूच्या आतल्या खोटीला एवढी का भितात हे कळणार नाही. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती हवेतच फुटली. तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या आणि विमानाचे सुकाणूच गेले. कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करून ते कसेबसे स्यू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ जणांपैकी ११२ जण गेले. तपासात कळले की चकतीच्या टायटॅनियममध्ये, तो मूळ वितळवला गेला तेव्हाच, एक कठीण आणि ठिसूळ असा बारीकसा डाग राहिला होता. तिथून तडा निघाला आणि पंधरा हजारांहून अधिक उड्डाणांमध्ये तो हळूहळू वाढत गेला. मधल्या तपासण्यांत तो दिसायला हवा होता, पण दिसला नाही. चकती १९७१ च्या सुमारास घडवलेली होती. भट्टीत राहिलेली खोट अठरा वर्षांनी समोर आली.

आणि पावडरच्या बाबतीत तर अगदी अलीकडची, आपल्या देशाला झळ लागलेली गोष्ट आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने जाहीर केले की तिच्या एका इंजिनातल्या काही चकत्यांच्या धातूच्या पावडरमध्ये अशुद्ध कण शिरले होते. या चकत्या छापलेल्या नव्हत्या. पावडर दाबून, तापवून, घडवून त्या बनवतात. परंतु कण आत गेला की गेला, हा धडा दोन्हीकडे सारखाच. शेकडो इंजिने उतरवून तपासावी लागली आणि पुढच्या काळात आपल्या इंडिगोची कितीतरी विमाने इंजिनाअभावी जमिनीवर उभी राहिली.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, म्हणजे एफएएची, मोठ्या प्रवासी विमानांसाठी नियमांची एक संहिता आहे. तिचा २५ वा भाग आपल्या कामाचा. त्यातले २५.६२१ हे कलम उद्यमबागेतल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे, कारण ते खास ओतीव भागांसाठी लिहिलेले आहे. कास्टिंगच्या पोटात काय असेल याचा भरवसा नसतो, म्हणून त्याच्या भाराला एका गुणकाने गुणायचे, असे हे कलम सांगते. फारसा धोक्याचा नसलेला भाग असेल आणि तपासणी फक्त डोळ्यांनी होणार असेल, तर गुणक किमान २. म्हणजे १०० किलो भार येणार असेल तर भाग २०० किलो सोसेल इतका भक्कम हवा. डोळ्यांच्या जोडीला चुंबकी पावडरची किंवा झिरपणाऱ्या रंगाची चाचणी केली तर गुणक दीडपर्यंत उतरवता येतो. आणखी क्ष-किरणाने आतून पाहिले तर सव्वापर्यंत. जितके जास्त पाहाल तितका कमी दंड, असा हा सरळ व्यवहार आहे. ज्या कास्टिंगवर विमानाची सुरक्षितता अवलंबून असते त्यांचे नियम याहून कडक आहेत.

छापलेल्या भागांसाठी असे वेगळे कलम लिहिलेले नाही. जुनीच कलमे लावतात. २५.६०३ म्हणते, साहित्य अनुभवाने किंवा चाचण्यांनी सिद्ध झालेले हवे. २५.६०५ म्हणते, बनवण्याची पद्धत प्रत्येक वेळी सारखाच पक्का भाग देणारी हवी आणि पद्धत नवी असेल तर ती चाचण्यांनी सिद्ध करा. २५.६१३ म्हणते, धातूच्या ताकदीचा आकडा पुरेशा चाचण्या करून, संख्याशास्त्राच्या आधाराने ठरवा. ही कलमे छपाईला कशी लावायची याची मार्गदर्शक पत्रके एफएए आणि युरोपची ईएएसए काढतात. लेसर आणि पावडरच्या कामाची पहिली विमान-मानके एसएई या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केली.

आता "पुरेशा चाचण्या" म्हणजे किती? दहावीच्या मुलांनी इथे वही-पेन घ्यावे.

नियम असा आहे: भार वाहायला एकापेक्षा जास्त मार्ग असतील, म्हणजे एक भाग तुटला तर शेजारचा सांभाळून घेईल, अशा ठिकाणी जो ताकदीचा आकडा वापरायचा तो असा हवा की १०० पैकी निदान ९० तुकडे त्याहून मजबूत असतील आणि हे आपण ९५ टक्के खात्रीने सांगू शकू. जिथे तो एकच भाग सगळा भार वाहतो तिथे ९० च्या जागी ९९.

समजा एक सीमा अशी आहे की बरोबर ९० टक्के तुकडे तिच्या वर आणि १० टक्के खाली आहेत. ती सीमा कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नाही. एक पट्टी छापून तोडून पाहिली तर ती सीमेच्या वर असण्याची संभाव्यता ०.९. दोन्ही पट्ट्या वर असण्याची ०.९ × ०.९, म्हणजे ०.८१. अशा २८ पट्ट्या तोडल्या तर सगळ्याच्या सगळ्या सीमेच्या वर असण्याची संभाव्यता ०.९ चा २८ वा घात, म्हणजे ०.०५२. पाच टक्क्यांहून किंचित जास्त. २९ तोडल्या तर ०.०४७. पाचच्या खाली! म्हणजे २९ पैकी जी सर्वांत कमजोर निघाली ती सीमेच्या खाली असल्याची ९५ टक्क्यांहून जास्त खात्री आपल्याला मिळाली. तिचाच आकडा धरला तर निदान ९० टक्के माल त्याहून मजबूत आहे असे म्हणता येते. म्हणून २९ पट्ट्या.

हेच गणित ०.९९ ने करा. २९८ व्या घाताला उत्तर ०.०५००४ येते. केसभर चुकले! २९९ ला ०.०४९५. म्हणून किमान २९९ पट्ट्या. धातूचे आकडे एखाद्या ओळखीच्या वितरणात नीट बसत असतील तर याहून कमी पट्ट्यांतही काम भागते, परंतु त्या एकाच हीटच्या चालत नाहीत. वेगवेगळ्या हीटची पावडर, उभ्या, आडव्या आणि तिरक्या छापलेल्या, पाटाच्या मधल्या आणि कोपऱ्यातल्या अशा सगळ्या घ्याव्या लागतात. बरे, ही झाली फक्त ताणून तोडण्याची चाचणी. थकव्याची चाचणी, म्हणजे पट्टी पुन्हा पुन्हा ओढून-सोडून पाहणे, याहून वेळखाऊ. सेकंदाला ५० वेळा ओढले तरी एक कोटी फेऱ्यांना २ लाख सेकंद, म्हणजे सुमारे साडेपंचावन्न तास लागतात. तेही एका पट्टीला. वर्षे कुठे जातात त्याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे मिळते.

पद्धत गोठवणे

पट्ट्या तोडून आकडा मिळाला की तो कोणत्या पद्धतीचा हे बांधून ठेवावे लागते. यंत्र कोणते, लेसरची ताकद किती, वेग किती, थर किती जाड, पावडर कोणाची आणि कितव्यांदा चाळून वापरलेली, पाटावर भाग कुठे आणि कसा ठेवला, संगणकाच्या आज्ञावलीची आवृत्ती कोणती, नंतरची भट्टी किती अंशांची, हे सगळे लिहून गोठवतात. यातले काही बदलले तर बदल केल्याने बिघडत नाही हे पुन्हा सिद्ध करायचे. यंत्र या शेडमधून त्या शेडमध्ये हलवले तरी पुन्हा पात्रता तपासतात. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन यंत्रे शेजारी असली तरी प्रत्येकाची परीक्षा वेगळी. आमच्या मते हे कडक वाटले तरी योग्यच आहे. एकाच पिठाच्या भाकऱ्या दोन चुलींवर सारख्या होत नाहीत हे कोणत्याही घरात ठाऊक असते.

छपाईनंतरही भाग लगेच तयार नसतो. आतला ताण घालवायला तो भट्टीत जातो. पुष्कळदा तो 'हिप' नावाच्या दाबभट्टीतही जातो. टायटॅनियमच्या मिश्रधातूसाठी तिथे सुमारे ९०० ते ९२० अंश तापमान आणि हजार बारचा दाब असतो. समुद्रात दहा किलोमीटर खोल जितका दाब असतो तितका! या दाबाखाली आतल्या बारीक पोकळ्या मिटून जातात. मात्र जी पोकळी पृष्ठभागापर्यंत उघडी आहे ती मिटत नाही, कारण दाबाचा वायू तिच्यातही शिरतो. पोकळीत आर्गॉन अडकला असेल तर ती दबते खरी, पण पुढे भाग पुन्हा तापवला की तो वायू फुगू शकतो. छापलेला खडबडीत पृष्ठभाग तसाच ठेवला तर थकव्याची ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते, म्हणून महत्त्वाच्या जागा शेवटी मशिनिंग करूनच गुळगुळीत करतात. लेथवाल्यांनी निश्चिंत असावे.

प्रत्येक पाटावर भागांच्या शेजारी साक्षीदार पट्ट्या छापतात. भाग विमानात जातो आणि पट्ट्या तोडण्याच्या यंत्रावर. आपल्या फाउंड्रीत हीटबरोबर टेस्ट बार ओततात तोच हा प्रकार. त्याशिवाय भाग सीटी स्कॅनमध्ये घालून आतून पाहतात, पण जाड धातूत क्ष-किरण फिका पडतो आणि बारीक खोट निसटते. छपाईने आत नागमोडी नळ्या, जाळ्या असे हवे ते करता येते म्हणून नवशिके आराखडाकार हुरळून जातात. मग तपासनीस विचारतो, "हे मी बघू कुठून?" आणि आराखडा परत जातो.

आजवर काय काय पास झाले

जेट इंजिनासाठी एफएएने मान्यता दिलेला पहिला छापील भाग अगदी साधा होता. जनरल इलेक्ट्रिकच्या जीई-९० इंजिनातल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे मुठीएवढे घर. हवेच्या झोतापासून आणि बर्फापासून सेन्सरला वाचवणे एवढेच त्याचे काम. धातू कोबाल्ट-क्रोम. वर्ष २०१५. बोइंग ७७७ वरच्या चारशेहून जास्त इंजिनांत ते बसवायचे ठरले. सुरुवात अशाच भागाने करतात, जो बिघडला तरी विमान पडणार नाही.

पुढची पायरी मोठी होती. जीई आणि फ्रान्सची साफ्रान यांच्या संयुक्त सीएफएम कंपनीच्या लीप इंजिनात इंधनाची फवारणी करणारी नळी. पूर्वी असा भाग सुमारे २० तुकडे जोडून बनत असे. नवीन आराखडा ओतकामाने आठ वेळा करून पाहिला आणि आठही वेळा फसला, असे जीईच्या एका वरिष्ठ अभियंत्याने सांगितले आहे. छपाईने तो एकसंध निघाला आणि वजनही २५ टक्क्यांनी घटले. लीप इंजिनाचे पहिले प्रमाणपत्र नोव्हेंबर २०१५ मध्ये मिळाले आणि ऑगस्ट २०१६ पासून ते प्रवासी घेऊन उडू लागले. एका इंजिनात अशा अठरा-एकोणीस नळ्या असतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ऑबर्न इथे त्या छापतात आणि २०२१ साली तिथून एक लाखावी नळी बाहेर पडली. सुट्टीत गोव्याच्या मोपा विमानतळावरून आकासाच्या विमानात बसलात तर पंखाखाली हेच लीप इंजिन असते.

इंजिनाबाहेर, विमानाच्या सांगाड्यातही छपाई पोचली आहे. नॉर्वेच्या नॉर्स्क टायटॅनियम कंपनीने बोइंग ७८७ साठी बनवलेल्या टायटॅनियमच्या आधारांना २०१७ साली एफएएची मान्यता मिळाली. यात लेसर आणि पावडर नाही. टायटॅनियमची तार आर्गॉनमध्ये प्लाझ्माच्या ज्योतीने वितळवून जाडजूड आकार घडवतात आणि मग मशिनवर नेमके माप काढतात.

आपल्या देशात नागरी विमानांचे प्रमाणन डीजीसीएकडे आणि लष्करी विमानांचे बेंगळुरूच्या सेमिलॅक या संस्थेकडे असते. तुम्ही वर्तमानपत्रात इस्रोच्या छापील इंजिनाविषयीही वाचले असेल. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे ते इंजिन मे २०२४ मध्ये ६६५ सेकंद यशस्वीपणे चालवून पाहिले. त्यात १४ तुकड्यांचा एक तुकडा झाला, १९ वेल्डिंगचे जोड गेले आणि ५६५ किलो धातूच्या जागी १३.७ किलो पावडर पुरली. अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु रॉकेटचा हिशेब आणि विमानाचा हिशेब एक नव्हे. ते इंजिन एकदाच उडते आणि त्यात माणूस बसत नाही. लीपची नळी दिवसातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षे, पावणेदोनशे माणसांना घेऊन चालायची असते.

पालकांपैकी काहींनी विचारले की छपाई आली म्हणजे फाउंड्र्या बंद पडतील का? पंपाचे, व्हॉल्व्हचे, ट्रॅक्टरचे कास्टिंग छापणे आज तरी परवडत नाही, आणि लवकर परवडेल असे आम्हाला वाटत नाही. उलट, ओतकामासाठीचे वाळूचे साचेच छापून घेणारे कारखाने निघाले आहेत. खरी गरज तपासणाऱ्या माणसांची आहे. भाग न तोडता आतून पाहणाऱ्या एनडीटी तपासनिसांच्या लेव्हल-वन, टू, थ्री अशा परीक्षा असतात. तिथे इंग्रजी फाडफाड येण्यापेक्षा धीर, नजर आणि जे दिसले तेच लिहिण्याची सवय लागते. आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी याचा जरूर विचार करावा. विश्वस्त मंडळालाही आमची एक विनंती आहे. लॅबमध्ये दुसरे छपाईयंत्र घेण्याआधी पट्टी ताणून तोडणारे एक साधे यंत्र घ्यावे. किंमत जास्त वाटल्यास एखाद्या पॉलिटेक्निकमध्ये मुलांना महिन्यातून एकदा नेण्याची सोय करावी. छापणे मुलांना येते. छापलेले तोडून पाहणे अजून कोणी शिकवलेले नाही.

करून पाहा

१. थर ३० मायक्रॉनचा आणि दोन शिवणींतले अंतर ०.१ मिलिमीटर असेल, तर एक घन सेंटीमीटर धातूत किती मीटर शिवण होईल?

२. निदान ९० टक्के तुकडे मजबूत आहेत हे ९५ ऐवजी ९९ टक्के खात्रीने सांगायचे असेल, तर किती पट्ट्या तोडाव्या लागतील? (०.९ चे घात करत जा आणि ०.०१ च्या खाली कधी जाता ते पाहा.)

३. थकव्याच्या चाचणीचे यंत्र सेकंदाला २० फेऱ्या करत असेल, तर एक कोटी फेऱ्यांना किती दिवस लागतील?

उत्तरे वहीच्या पानावर लिहून विज्ञान मंडळाच्या पेटीत टाकावीत. पायऱ्या दाखवाव्यात, नुसत्या उत्तराला गुण नाहीत.